कोट उसवण्याची पार्श्वभूमी

जुन्या पुरुषी सुटाची एक बाही कमरेला गुंडाळलेली, दोन वेगळ्या कोटांचे अर्धे भाग पाठीवर जोडलेले, अस्तर बाहेर. रॅम्पवर असं काही आलं की बातमीत दोन शब्द ठरलेले: ‘डीकन्स्ट्रक्टेड’ आणि ‘अपसायकल्ड’ (टाकाऊतून जास्त मोलाचं केलेला). दोन्ही एका दमात म्हटले जातात. घराणी मात्र वेगळी.

सूट मोडून नवं शिवणं आलं ते टंचाईतून. दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपडे कूपनांवर मिळू लागले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि कोट, वेस्टकोट, पॅन्ट मिळून एका सुटालाच २६ जायची. पुढच्या वर्षी डबल-ब्रेस्टेड कोट आणि पॅन्टच्या तळाची दुमड यांवर बंदी आली, कापड वाचावं म्हणून. १९४३ मध्ये सरकारनेच जुन्याचं नवं कसं करावं याची पुस्तिका काढली. नवरा आघाडीवर, सूट कपाटात. त्यातून बायकोचा कोट-स्कर्ट बेतायचा. अमेरिकेत यासाठी पॅटर्न विकत मिळत. परतलेल्या नवऱ्याने कपाट उघडल्यावर काय म्हटलं असेल, ते आपलं आपण ताडावं.

खरा गुंता आहे तो ‘डीकन्स्ट्रक्टेड’ या शब्दात, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला अर्थ दुकानातला. १९७० च्या दशकाच्या मध्यात मिलानच्या एका डिझायनरने कोटाच्या पोटातलं कॅनव्हास (आकार धरून ठेवणारं ताठ कापड), खांद्याची गादी, अस्तर कमी करत नेलं. कोट शर्टासारखा अंगावर पडू लागला. (नेपल्सचे शिंपी हे १९३० च्या दशकापासून करत होते, गाजावाजा मिलानचा झाला.) असल्या मऊ ब्लेझरला कॅटलॉगमध्ये आजही ‘डीकन्स्ट्रक्टेड’ म्हणतात. त्यात उसवलेलं काहीच नसतं. मुळात भरलेलंच नसतं.

दुसरा अर्थ तत्त्वज्ञानातून आला. १९६७ च्या फ्रेंच ग्रंथांतली ही संकल्पना (मजकुराची घडण सुटी करून तपासणं), मराठी समीक्षेत जिला ‘विरचना’ म्हणतात, ती १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात वास्तुकलेच्या प्रदर्शनाच्या नावात झळकली. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी छायाचित्रकाराने ती पॅरिसच्या कपड्यांना लावली. जपानी डिझायनर १९८१ पासून तिथे विरलेले, भोकं पडलेले कपडे दाखवत होतेच. पण शब्द कायमचा चिकटला तो अँटवर्पमध्ये शिकून १९८८ मध्ये पॅरिसला स्वतःचं फॅशन-घर उभारणाऱ्या एका बेल्जियन डिझायनरला. शिवणी उलट्या बाजूने, कच्चे दोरे तसेच ठेवलेले, लष्करी मोज्यांचा स्वेटर. १९९७ च्या संग्रहात तर शिंप्याच्या पुतळ्याचं कापडी धडच अंगरखा म्हणून घातलेलं. लेबल कोरं पांढरं, आणि ते धरणारे चार टाके कपड्याच्या बाहेरून दिसणारे. मिलानवाल्याने कोटाचं पोट रिकामं केलं, बेल्जियनाने ते चव्हाट्यावर मांडलं. दोघांना एकच विशेषण देणं हा निव्वळ आळस आहे. ‘बिनगादीचा’ आणि ‘उसवलेला’ असं म्हटलं तर आपल्या गल्लीतला शिंपीसुद्धा क्षणात फरक ओळखेल.

‘अपसायकलिंग’ तर कपड्यांच्या धंद्यातून आलेलंच नाही. १९९४ मध्ये एका जर्मन अभियंत्याने जुन्या बांधकाम-सामानाच्या ब्रिटिश नियतकालिकात तक्रार केली की रीसायकलिंगच्या नावाखाली धडधाकट विटा फोडून टाकतात. हे डाउनसायकलिंग झालं, म्हणजे वस्तूचं मोल घटवणं; हवं ते मोल वाढवणारं अपसायकलिंग. कपड्यांकडे शब्द नंतर वळला.

आणि नेमका पुरुषाचा सूटच का? माझ्या काकांचा लग्नातला कोट मी स्वतः उसवला, तेव्हा कळलं. लॅपलच्या, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीच्या आत कॅनव्हासवर हाताने घातलेले शेकडो तिरपे बारीक टाके, पाठीच्या शिवणीत सोडलेलं बोटभर मार्जिन, खडूची रेघ अजून शाबूत. ब्लेड लावलं की दोरा सुटतो आणि कापड अखंड हाती येतं. गेल्या काही दशकांतल्या स्वस्त सुटांत मात्र टाक्यांच्या जागी डिंक आला. अस्तरी कापड उष्णतेने वरच्या कापडाला चिकटवलेलं. सोलायला गेलं की डाग आणि फुगे. म्हणून डिझायनर जुन्या बाजारात हाताने शिवलेले कोट शोधत फिरतात.

अलीकडे तर मालाची ददात नाही. सूट घेणारे घटले म्हणून २०२२ मध्ये ब्रिटनने महागाई मोजण्याच्या वस्तूंच्या यादीतून पुरुषाचा सूट वगळला. १९४७ पासून तो कुठल्या ना कुठल्या रूपात त्या यादीत होता. त्याच वर्षीपासून फ्रान्समध्ये न विकलेले नवे कपडे जाळण्या-पुरण्यावर बंदी आली, आणि जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात जुनं कापड वेगळं गोळा करणं सक्तीचं झालं.

रॅम्पपर्यंत पोचणारे कोट त्यातले मोजकेच. युरोप-अमेरिकेतले जुने लोकरी सूट वर्षानुवर्षं पानिपतला येत आले आहेत, तेही मुद्दाम फाडलेले, कारण घालण्याजोगे जुने कपडे आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. तिथे बायका जमिनीवर बसून बटणं, चेन आणि शिंप्याचं लेबल कापून काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, आणि यंत्रात त्याचा पिंजून धागा होतो. धाग्याची पुढे घोंगडी होतात.