सीएएखाली ख्रिस्ती कुटुंबाचा नागरिकत्वाचा अर्ज: कोण पात्र, कागद कुठले, आणि चर्चने काय करायचं

पाकिस्तानातून जीव वाचवून आलेलं एखादं ख्रिस्ती कुटुंब ओळखीचं असलं की आपण मदतीला धावतो आणि सगळ्यात आधी काय करतो, तर त्यांच्यावर काय काय अत्याचार झाले त्याची फाइल बनवायला बसतो. पेपरची कात्रणं, तिकडच्या एफआयआरच्या कॉप्या, जळालेल्या घराचे फोटो. ठेवा ते जपून, पण सीएएच्या, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या, अर्जात छळाचा पुरावा कोणी मागतच नाही. बघतात ते मुख्यतः एवढंच की माणूस कुठल्या देशाचा, धर्म कुठला आणि भारतात आला कधी. गाडी अडते ती या शेवटच्या प्रश्नावर.

आता पात्रता. कायदा डिसेंबर २०१९ चा, नियम आले ११ मार्च २०२४ ला. देश तीनच, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान. धर्म सहा: हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती. (मुस्लिमांना आणि बाकी देशांना का वगळलं यावर सुप्रीम कोर्टात याचिका आहेत, तो वाद मोठा आहे, इथे फक्त अर्जाचं बोलू.) आणि भारतात प्रवेश ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधी झालेला हवा. म्हणजे मार्च २०१३ ला लाहोरची जोसेफ कॉलनी जाळली किंवा त्याच सप्टेंबरात पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये स्फोट झाले तेव्हा जे लगेच निघून आले ते बसतात, पण ऑगस्ट २०२३ मध्ये जरानवालात चर्च आणि घरं जाळल्यावर जे निघाले ते बसत नाहीत, छळ तोच असला तरी. त्यांचं खाली सांगतो. आणखी एक अट अशी की अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने भारतात राहिलेले असावेत आणि त्याआधीचं मिळून किमान ५ वर्षांचं वास्तव्य, बाकीच्या परदेशी लोकांना इथे ११ वर्षं लागतात.

तारखेचा पुरावा कसा द्यायचा? व्हिसावरचा इमिग्रेशनचा शिक्का असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर नियमांत वीस प्रकारचे कागद दिलेत, त्यातला एक पुरतो: रेशन कार्ड, आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, रजिस्टर केलेला भाडेकरार, विजेचं बिल, बँक किंवा पोस्टाचं खातं, विमा पॉलिसी, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, इथे झालेल्या बाळाचा जन्मदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, अगदी नगरसेवकाने किंवा ग्रामपंचायत सदस्याने दिलेला दाखलासुद्धा. फक्त कागद ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी निघालेला पाहिजे. आज जाऊन मागची तारीख टाकून आणायच्या भानगडीत पडू नका, खोटं निघालं तर अर्ज तर जाईलच, वर केस. त्यापेक्षा घरातली जुनी ट्रंक उघडा, मुलांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघायला सांगा, जुन्या घरमालकाला विचारा.

मूळ देशाचा पुरावा त्यामानाने सोपा. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचं सर्टिफिकेट, तिकडचं ओळखपत्र, जमिनीचा किंवा भाड्याचा कागद, एफआरआरओची (परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसची) नोंद, यातलं काहीही, आणि मुदत संपलेली असली तरी चालतं. स्वतःचं काहीच नसेल तर आईवडील, आजोबा किंवा पणजोबा त्या देशाचे नागरिक होते हे दाखवणारा कागद चालतो, आणि २०२४ च्या जुलैत गृहखात्याने स्पष्ट केलं की असा कागद भारतातल्या सरकारी ऑफिसने किंवा कोर्टाने दिलेला असला तरी घ्यायचा.

आता चर्चचं काम. अर्जदार ख्रिस्ती आहे आणि अजूनही ख्रिस्तीच आहे, असं प्रमाणपत्र स्थानिक नावाजलेल्या समाजसंस्थेकडून लागतं. फादर किंवा पाळक साहेबांनी ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी आणि ठरलेल्या नमुन्यातच द्यावं, 'हे कुटुंब खूप भाविक आहे' असली शिफारस नको. बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर सोबत ठेवा. आणि नावाचं स्पेलिंग! चर्चच्या रजिस्टरमध्ये एक, पासपोर्टवर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं, हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी आधी तेच तपासतो. शिवाय दोन प्रतिज्ञापत्रं लागतात, एक अर्जदाराचं की दिलेली माहिती खरी आहे, दुसरं एखाद्या भारतीय नागरिकाचं की या माणसाची वागणूक चांगली आहे. हे दुसरं तुम्ही स्वतः देऊ शकता, खरी मदत म्हणजे ही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत दिलेली (मराठी, हिंदी वगैरे) एक भाषाही यावी लागते, बोलता आली तरी चालतं.

अर्ज फक्त ऑनलाइन, इंडियन सिटिझनशिप ऑनलाइन पोर्टलवर किंवा सीएए २०१९ या मोबाइल ॲपवर. साधारण लोकांचा फॉर्म ८ए, नवरा किंवा बायको भारतीय असेल तर ३ए, अल्पवयीन मुलांचा वेगळा. अर्ज कलेक्टर ऑफिसला जात नाही, जिल्हा समिती असते पोस्टाच्या अधीक्षकाच्या अध्यक्षतेखाली, तिथे मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहायचं आणि निष्ठेची शपथ घ्यायची. वारंवार बोलावूनही गेलं नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे मोबाइल नंबर बदलू नका. पुढे राज्याच्या जनगणना संचालकांची समिती निर्णय घेते. प्रमाणपत्र डिजिटल येतं, शाईच्या सहीचं हवं असेल तर अर्जातच तसं सांगावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात सीएएखालचं पहिलं प्रमाणपत्र मिळालं ते एका ज्येष्ठ ख्रिस्ती गृहस्थांनाच.

बेकायदा राहिल्याची केस चालू आहे म्हणून अर्ज करायला घाबरणारे खूप भेटतात. केस असली तरी अर्ज करता येतो, आणि नागरिकत्व मिळालं की ती केस आपोआप संपते, नागरिकत्वही प्रवेशाच्या तारखेपासून धरलं जातं.

२०१४ नंतर आलेल्यांसाठी: सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने, या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे किंवा त्याच्या भीतीने आलेल्या या सहा धर्मांच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट आहे. हे नागरिकत्व नव्हे, एवढं त्यांना नीट समजावून सांगा. त्यांनी एफआरआरओकडे लाँग टर्म व्हिसासाठी अर्ज करावा. आणि म्यानमारमधून आलेले चिन जमातीचे ख्रिस्ती यात कुठेच बसत नाहीत, त्यांच्यासाठी दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, तिथे नोंदणी करणं हाच रस्ता.