पॉपर फ्लाय घरी बांधताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून गळ, फोम आणि पिसे नेणारे बरेच ग्राहक पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत ओढल्यावर आवाज करणारे कृत्रिम आमिष, बांधायला घेताना सर्वप्रथम रंगाचा आणि डोळ्यांचा विचार करतात. आमचा आग्रह थोडा वेगळा आहे. पाण्यावर तरंगणारा पॉपर माशाला खालून, उजेडाच्या विरुद्ध दिसतो, म्हणजे बहुतांशी गडद आकृतीसारखाच दिसतो. त्यामुळे वरचा रंग दुय्यम ठरतो, आणि पॉपर सरळ तरंगेल की कलंडेल, आवाज करील की नुसता घसरत येईल, मासा गळाला लागेल की तोंड मारून निसटेल, हे सारे फोमचा तुकडा गळाच्या दांडीवर कसा बसवला आहे यावर अवलंबून राहते. म्हणून या पत्रकात बसवणीविषयीच अधिक लिहिले आहे.

गळ आणि फोम

बुचाच्या पॉपरना अमेरिकेत, टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बाजारपेठ मिळवून दिली. सरळ दांडीवर चिकटवलेले अंग (पॉपरचा तरंगणारा भाग) काही वेळाने स्वतःभोवती फिरू लागते, ही अडचण जुनीच आहे. त्यावर उपाय म्हणून पॉपरसाठीच्या गळांच्या लांब दांडीला मध्ये एक उंचवटा दिलेला असतो. शक्यतो हाच गळ घ्यावा. मरळीसाठी २ ते १/० क्रमांकाचे गळ पुरतात. खाडीत जिताडा किंवा तांबोशी यांच्यासाठी १/० ते ३/० चे, खाऱ्या पाण्यात न गंजणारे गळ घ्यावेत.

अंगासाठी बंद पेशींचा ईव्हीए फोम आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तो पाणी पीत नाही, पात्याने स्वच्छ कापला जातो आणि दगडावर आपटला तरी बुचासारखा तुटत नाही. हलक्या ईव्हीए चपलेचा जुना तळवाही चालतो. रबरी हवाई चप्पल मात्र जड पडते. थर्माकोल वापरू नये, कारण सुपर ग्लू लागताच तो विरघळतो. १/० च्या गळासाठी सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचा आणि २० मिलिमीटर लांबीचा तुकडा योग्य होतो.

शेपटीसाठी बोकडाचे लांब केस, पाळीव कोंबड्याची पिसे किंवा कृत्रिम धागे वापरावेत. भारतातील हरणांचे केस आणि रानकोंबड्याची मानेवरची ठिपकेदार पिसे परदेशी पुस्तकांत कितीही आकर्षक दिसली, तरी आपल्याकडे या प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. आम्ही ती ठेवत नाही आणि कोणी मागवूनही देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे.

बसवणी

सर्वप्रथम दांडीच्या मागील भागावर शेपटी आणि तिच्यापुढे पिसाचे दाट वेढे बांधून गाठ मारावी, आणि पुढची निम्म्याहून थोडी जास्त दांडी अंगासाठी मोकळी ठेवावी. या मोकळ्या दांडीवर दोऱ्याचे वेढे नेढ्यापर्यंत न्यावेत आणि पुन्हा मागे आणावेत, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत होतो. गुळगुळीत धातूवर गोंद धरत नाही. अंग फिरल्याची तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्या पॉपरमध्ये बहुधा हीच उणीव आढळते.

आता फोमच्या पोटाला लांबीच्या दिशेने नव्या धारदार पात्याने एक सरळ चीर द्यावी. ही चीर तुकड्याच्या मध्यापर्यंत जाता कामा नये. दांडी पोटाच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरच आत बसली पाहिजे. दांडी मधोमध गेली की फोमचा निम्मा व्यास खाली उतरतो, गळाचे टोक आणि पोट यांच्यातील जागा बुजते, आणि मासा पॉपर तोंडात घेऊनही टोकाला लागत नाही. अंग बसवल्यावर ही जागा मूळच्या निदान दोनतृतीयांश उरली आहे ना, हे गोंद लावण्याआधी कोरडे बसवून पाहावे, आणि त्याच वेळी समोरून डोळा लावून गळाचे टोक, नेढे आणि अंगाचा मध्य एका उभ्या रेषेत येतात का, तेही तपासावे.

चिरेत जेलसारखा दाट सुपर ग्लू भरावा. पातळ गोंद वाहत जाऊन पिसांत उतरतो आणि ती काडीसारखी ताठ होतात. दांडी दाबून बसवल्यावर रेषा जुळवायला फार थोडा वेळ मिळतो. ज्यांना घाई नको असेल त्यांनी दोन भागांचे इपॉक्सी वापरावे, विशेषतः बूच किंवा बाल्सा लाकूड असल्यास.

न्यू जर्सीचे बॉब पॉपोव्हिक्स यांनी रूढ केलेल्या पॉपरमध्ये फोमचे अंग चिकटवलेलेच नसते. ते पुढून दांडीवर सरकवलेले असते आणि माशांच्या दातांनी खराब झाले की दुसरे चढवता येते. ज्यांना गोंदाचा कंटाळा आहे, त्यांनी ही पद्धत जरूर करून पाहावी.

तोंडाची खोली हा नवशिक्यांचा नेहमीचा मोह आहे. वाटीसारखे खोल तोंड मोठा आवाज करते हे खरे, पण पुढच्या फेकीसाठी लाइन उचलताना तेच तोंड पाण्यात रुतते आणि हवेतही अडते. गोटीवर पॉलिश पेपर धरून तोंडाला हलकी खोली द्यावी. सुरुवातीला सपाट तोंडही पुरेसे आहे.

बादलीतील चाचणी

तयार पॉपर पूर्ण सुकल्यावर पाण्याच्या बादलीत सोडावा. तोंड पाण्याबाहेर आणि शेपटी खाली, असा तो तिरका तरंगला पाहिजे. कुशीवर कलंडत असेल तर गळ मध्यरेषेतून सरकला आहे असे समजून अंग कापून काढावे आणि नव्याने बसवावे. रंग त्यानंतरच द्यावा. पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक रंग आणि त्यावर इपॉक्सीचा एक पातळ थर एवढे पुरे आहे.

वापराविषयी थोडेसे

तरंगणारी लाइन आणि नायलॉनचा ७ ते ९ फुटांचा लीडर (लाइन आणि पॉपर यांना जोडणारा बारीक धागा) वापरावा. फ्लुओरोकार्बन बुडतो आणि पॉपरचे तोंड खाली ओढतो. १/० च्या पॉपरला ८ क्रमांकाचा रॉड लागतो. रॉडचे टोक पाण्याला लावून लाइन हाताने झटक्यात ओढावी, मग तरंग विरेपर्यंत थांबावे. मासा आदळला तरी रॉड वर उचलू नये, लाइनच ओढून गळ लावावा.

मरळ शेवाळात आणि कमळाच्या पानांत राहते, म्हणून तिच्यासाठी गळाच्या बाकापासून नेढ्यापर्यंत जाड नायलॉनचा एक फास बांधावा, म्हणजे टोक झाडोऱ्यात अडकत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा सोडताना तो कमी जखमी होतो आणि टोकही सहज रुतते. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांच्या थव्यावर राखण करीत असते व जवळ येणाऱ्या कशावरही धावून जाते. अशा जोडीवर पॉपर टाकू नये, कारण आई-बाप गेले की तो थवा इतर माशांच्या तोंडी पडतो. राज्यातील अनेक तलाव व जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे त्यांची परवानगी आधी घ्यावी.

खाडीवरून आल्यावर पॉपर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत आणि पिसे दबणार नाहीत अशा डब्यात ठेवावेत. बसवणीत अडचण आल्यास अर्धवट बांधलेला पॉपर दुकानात घेऊन यावा. काउंटरवर व्हाइस (बांधताना गळ घट्ट धरणारी पकड) लावलेलीच असते, आणि तुमच्या समोर तो पुन्हा बसवून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.