चेर्नोबिलची मुले आणि अ‍ॅडी रोच : पार्श्वभूमी

जानेवारी १९९१मध्ये बेलारूस आणि युक्रेनमधल्या डॉक्टरांचा एक फॅक्स आयर्लंडमध्ये अण्वस्त्रविरोधी कार्यकर्त्या अ‍ॅडी रोच यांच्याकडे आला. मागणी एकच होती, मुलांना इथून बाहेर काढा. युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातल्या स्फोटाला तोवर पावणेपाच वर्षे होत आली होती. इतक्या उशिरा ही हाक का द्यावी लागली, हे १९८६च्या पहिल्या काही आठवड्यांत काय झाले त्यावरून कळते.

२६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चौथी अणुभट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातली सुमारे ४९ हजार माणसे दुसऱ्या दिवशी दुपारी हलवली गेली. पण वाऱ्यापावसाने किरणोत्सारी द्रव्य बेलारूसच्या गोमेल आणि मोगिलेव्ह भागांतही उतरवले होते. तिथल्या खेड्यांत गाई चरत राहिल्या आणि मुले घरचे दूध पीत राहिली. खरा घात या दुधाने केला. गवतावर पडलेले आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गाईमार्फत दुधात येते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते, पण साधे आणि किरणोत्सारी आयोडीन तिला वेगळे ओळखता येत नाही. मुलांची ग्रंथी लहान, म्हणून तितक्याच आयोडीनचा मारा तिच्यावर जास्त बसतो. त्यातून पोलेसियाच्या (बेलारूस-युक्रेन सीमेवरच्या या पट्ट्याच्या) मातीत आयोडीन मुळातच कमी, त्यामुळे ग्रंथींनी ते अधिकच शोषून घेतले.

हे टाळता आले असते. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. दोन-अडीच महिने दूध-पावडर पुरवली असती आणि गाईंना साठवणीतला चारा घातला असता, तर बराचसा धोका टळला असता. ग्रंथी आधीच भरून टाकणारी साध्या आयोडीनची मात्रा (आजच्या मापाने ३ ते १२ वर्षांच्या मुलाला पोटॅशियम आयोडाइड ६५ मिलिग्रॅम) किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याआधी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच द्यावी लागते. दिवस उलटला की उपयोग फारसा उरत नाही. पोलंडने २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनचे द्रावण पाजले. सोव्हिएत खेड्यांत दक्षता तुटपुंजी आणि उशिरा आली. १९९०च्या सुमारास मुलांमधला थायरॉइडचा कर्करोग वाढू लागला. १९९२मध्ये बेलारूसची राजधानी मिन्स्कमधल्या डॉक्टरांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात तो मांडला, तेव्हा बाहेरच्या अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. २००५पर्यंत अशा रुग्णांची संख्या ६ हजारांवर गेली. वेळेत शस्त्रक्रिया झाल्याने त्यांतले बहुतेक वाचले.

रोच यांनी १९८४मध्ये विमान कंपनीतली नोकरी सोडून अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम सुरू केले होते. फॅक्सनंतर त्यांनी चेर्नोबिल चिल्ड्रन्स प्रोजेक्ट उभा केला आणि मुले आयर्लंडमधल्या कुटुंबांकडे काही आठवड्यांसाठी येऊ लागली. किरणोत्सारी आयोडीन तोवर केव्हाच विरून गेले होते. आता प्रश्न सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा होता. त्याचे अर्धायुष्य (निम्मे होण्याचा काळ) सुमारे ३० वर्षांचे, पण शरीरातून ते लघवीवाटे बाहेर पडते. स्वच्छ अन्न मिळाले तर पाच वर्षांच्या मुलात ते साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, दहा वर्षांच्या मुलात सुमारे ५० दिवसांत. महिनाभराच्या मुक्कामाला अर्थ येतो तो यामुळे. त्याची मर्यादाही इथेच आहे. घरी परतलेल्या मुलाच्या ताटात पुन्हा जंगलातली अळंबी, रानबेरी आणि त्याच कुरणावरच्या गाईचे दूध आले की पातळी परत चढते. म्हणून तिकडची चाचणी-यंत्रे, स्वच्छ दूध आणि सीझियम अडवणारी गाईंची औषधे तितकीच मोलाची.

संस्थेचे काम पुढे बेलारूसमध्येच जास्त रुजले. मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया, तिथल्या वेस्नोवा गावाच्या बालगृहात परिचारिका आणि उपचार, आणि अनाथ मुलांसाठी घरे अशी त्याची वाढ झाली. जन्मजात हृदयदोषांचा संबंध किरणोत्सर्गाशी जोडण्याबाबत रोच यांची मोहीम आणि संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती यांचे एकमत नाही. पण वेस्नोवासारख्या ठिकाणी उपेक्षेने खंगलेल्या मुलाला मदत देण्यासाठी त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहायची गरज नव्हती, आणि रोच यांनी ती पाहिली नाही.

२००८मध्ये अमेरिकेत गेलेल्या एका मुलीने परतायला नकार दिल्यावर बेलारूसने मुलांचे परदेश दौरे अडवले आणि यजमान देशांकडून परतीची हमी देणारे सरकारी करार मागितले. बाहेर नेण्यावरच सगळी भिस्त ठेवणाऱ्या मोहिमांची त्या वेळी मोठी अडचण झाली.