ऑक्सिजन विरंजन (लाकडी लगद्याचे)

शिजवलेल्या लाकडी लगद्यात उरलेले लिग्निन (लाकडातील तंतूंना जोडून ठेवणारा पदार्थ) कॉस्टिक सोडा व दाबाखालील ऑक्सिजन यांच्या साहाय्याने काढून टाकण्याची प्रक्रिया. नाव विरंजन असले तरी यातून निघालेला लगदा पांढराशुभ्र नसतो. क्राफ्ट पद्धतीने (कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात) शिजलेला लगदा खाकी पाकिटाच्या रंगाचा असतो, तो येथे फिकट पिवळसर होतो. शुभ्रता पुढच्या टप्प्यांत येते.

विसाव्या शतकात बराच काळ क्लोरीन वायू, मग कॉस्टिकची धुलाई आणि शेवटी हायपोक्लोराइट हा क्रम रूढ होता. क्लोरीन स्वस्त, शिवाय तो सेल्युलोजला (ज्याचे कागदाचे तंतू बनतात त्या द्रव्याला) फारसा धक्का न लावता लिग्निनवर तुटून पडतो. मात्र लिग्निनशी जोडला जाऊन तो क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे तयार करतो. 1980 नंतरच्या दशकात गिरण्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिने ही अत्यंत विषारी क्लोरीनयुक्त संयुगे आढळली आणि या पद्धतीची उलटगणती सुरू झाली. त्यात हे पाणी आटवून भट्टीत जाळताही येत नाही, कारण क्लोराइडमुळे यंत्रे गंजतात. प्रक्रिया करून ते नदीतच सोडावे लागते.

ऑक्सिजनचे खरे मोल इथे आहे. त्याच्या टप्प्यातील धुवणात क्लोराइडची भर पडत नाही. ते उलट दिशेने आधीच्या धुलाईला वापरतात आणि शेवटी काळ्या द्रावणाबरोबर (लाकूड शिजवून उरलेल्या द्रवाबरोबर) आटवून रसायने परत मिळवणाऱ्या पुनर्प्राप्ती बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निन जळून वाफ मिळते, सोडा परत हाती येतो.

ऑक्सिजन पाण्यात फार कमी विरघळतो, म्हणून साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या कित्येक पट दाब लागतो. दहा-बारा टक्के तंतू व बाकी पाणी असलेला लगदा मुठीत धरला तर गोळा होतो, दाबला की पाणी निथळते. असा लगदा जोरकस मिश्रकात घुसळला की द्रवासारखा वाहू लागतो आणि वायू त्यात बारीक बुडबुड्यांनी पसरतो.

मर्यादाही मोठी आहे. निम्म्याच्या आसपास लिग्निन गेले की ऑक्सिजन सेल्युलोजच्या साखळ्या तोडू लागतो व कागद कमकुवत होतो. मॅग्नेशियमचे क्षार घातल्यास ही हानी आटोक्यात राहते, हे फ्रेंच संशोधकांनी 1960 नंतरच्या दशकात दाखवले. त्यानंतर 1970 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एन्स्ट्रा येथे पहिला व्यापारी संच चालू झाला. उरलेले लिग्निन बहुतेक गिरण्या क्लोरीन डायऑक्साइडने काढतात, काही ओझोन व हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात.

भारतात उद्योगांसाठीच्या 2003 च्या सरकारी पर्यावरण सनदेने मोठ्या कागद गिरण्यांना सांडपाण्यातील क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये दर टन कागदामागे आधी 1.5 आणि नंतर 1 किलोवर आणण्यास सांगितले. लगदा क्लोरीनपर्यंत पोचण्याआधीच अर्धे लिग्निन काढून घेणे हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय होता, पण संचाचा भांडवली खर्च लहान गिरण्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.