टायटॅनोसॉरस इंडिकस

भारतात सापडलेल्या हाडांवरून ज्याला शास्त्रीय नाव मिळाले असा पहिला डायनोसॉर. लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी सॉरोपॉड गटातला हा प्राणी क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीस मध्य भारतात वावरत होता.

पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे गाजलेला विल्यम स्लीमन याला १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर ही हाडे मिळाली. तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्दही नव्हता. रिचर्ड ओवेनने तो १८४२ मध्ये घडवला. हाडे कलकत्त्याला विद्वान जेम्स प्रिन्सेपकडे गेली आणि बरीच वर्षे तशीच पडून राहिली. जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनरने केलेले त्यांचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८६८ मध्ये छापले गेले. नाव दिले ते जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लायडेकरने, १८७७ मध्ये. ग्रीक पुराणातील महाकाय टायटन त्याने त्यासाठी निवडले.

हाताशी मुख्यतः शेपटीचे दोन मणके होते. मणका पुढून खोलगट, मागून चेंडूसारखा फुगीर. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळगीत बसावा अशी ठेवण. अशी शेपटी त्या वेळी इतर कोणत्याही सॉरोपॉडमध्ये माहीत नव्हती, त्यामुळे लायडेकरचा निर्णय घाईचा म्हणता येत नाही. त्याने १८७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी ही दुसरी जाती केली, तर १८९३ मध्ये थेट अर्जेंटिनातील हाडांनाही हेच प्रजातिनाम दिले. पिसदुऱ्याची जीवाश्मे ज्या थरांत आहेत, त्या लामेटा थरांना जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लामेटा घाटाचे नाव आहे. पिसदुऱ्यातच मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखता आले; डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, हा समज त्याने मोडला.

पुढे तशीच शेपटी असलेले सॉरोपॉड ठिकठिकाणी निघाले. त्यांच्या सबंध गटाला टायटॅनोसॉर म्हणू लागले, पण मूळ मणक्यांचे वेगळेपण मात्र संपले. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या जीवाश्मतज्ज्ञांनी हे नाव संदिग्ध ठरवले. गटाला नाव देणारा प्राणीच यादीतून गळावा, हा विचित्रच प्रकार. मूळ मणके तर दीर्घकाळ हरवलेले मानले जात होते. त्यांपैकी एक २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच सापडला.