बांबीची आई मरताना पडद्यावर दिसतच नाही

सिनेमातले सगळ्यात रडवणारे सीन असा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, डिस्नेच्या ‘बांबी’ या कार्टून सिनेमात बांबी नावाच्या हरिणाच्या पिल्लाच्या आईला गोळी लागते, ती बर्फात कोसळते, तो सीन अजून डोळ्यासमोर आहे. पण हा सीन त्या १९४२ च्या सिनेमात नाहीच! रक्त नाही, पडलेली हरिणी नाही, शिकारी तर अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही.

दिसतं ते एवढंच की बर्फातून कोवळं गवत वर आलंय, दोघं खातायत, आईचे कान टवकारतात, ती त्याला पळायला सांगते, मागे बघू नकोस म्हणते, गोळीचा आवाज येतो आणि पिल्लू एकटंच पुढे पळत राहतं. घरापाशी पोचून वळतं तर मागे कोणीच नाही. मग दाट बर्फ, त्याच्या हाका, आणि समोर उभा राहिलेला बाप, जो फक्त सांगतो की आई आता तुझ्याजवळ राहू शकणार नाही.

बाकी सगळं आपणच मनात बघतो आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकं खोल लागतं. आणि त्यानंतर लगेच वसंत येतो, पक्षी गायला लागतात, रडायला उसंतसुद्धा मिळत नाही.