मांजराच्या मेंदूतला वाफसा

मांजरीच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला टाकून देते, ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गेल्या गळीत हंगामात जुन्नर तालुक्यातील एका गावात ती पुन्हा ऐकली, तेव्हा तिची किंमतही पाहायला मिळाली. उसाच्या फडात पाचटाखाली तीन पिल्ले सापडली होती. डोळे उघडलेली, जेमतेम चालणारी. ज्यांच्या शेतात ती सापडली, ते कुटुंब मायाळू होते. त्यांनी पिल्ले गोठ्यातील क्रेटमध्ये ठेवली, आई येत नाही हे पाहिल्यावर दुधाची वाटी आणि नंतर भाकरीचा काला सरकवत राहिले, पण 'हात लावू नका' हे पथ्य कटाक्षाने पाळले. सहा आठवड्यांनी पिल्ले गावातील स्वयंसेवकांकडे पोचली, तेव्हा ती धडधाकट होती आणि माणूस जवळ आला की फिस्कारून भिंतीवर चढू पाहत होती.

मांजरीचे म्हणाल, तर ती माणसाच्या वासाने पिल्ले टाकत नाही. एकत्र राहणाऱ्या मांजरी एकमेकींच्या पिल्लांनाही पाजतात. जागेला वारंवार त्रास झाला की मात्र ती पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते. 'मांजर पिल्लांना सात घरे दाखवते' या म्हणण्यामागे एवढेच निरीक्षण आहे.

हे स्वयंसेवक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, दूध संकलन केंद्रावरचा एक तरुण आणि महाविद्यालयात जाणाऱ्या दोघी बहिणी. संस्था नाही, फलक नाही. सापडलेली पिल्ले आपापल्या घरी तात्पुरती सांभाळायची आणि मोठी झाली की खात्रीच्या घरी द्यायची, एवढेच काम. पिल्ले बहुधा गोणीत घालून ओढ्यापलीकडे सोडलेली असतात. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी श्रद्धा असल्यामुळे कोणी मांजर मारत नाही. गोणीचे तोंड बांधून ती लांब नेऊन टाकली, तर मात्र पाप लागत नाही, असा सोयीचा अर्थ लोकांनी काढलेला आहे.

शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही. पाऊस पडल्यावर जमीन चिखल असते, पुढे कडक होते आणि या दोहोंच्या मधले जे थोडे दिवस पेरणीला योग्य असतात, तो वाफसा. मांजराच्या मेंदूलाही असा वाफसा येतो. वयाच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो सुरू होतो आणि सातव्या आठवड्याच्या आसपास संपतो. या काळात ज्या प्राण्यांचा सहवास आणि स्पर्श मिळतो, ते पिल्लाच्या लेखी 'आपले' होतात. त्यात माणूस नसेल, तर पुढे आयुष्यभर माणूस हा एक मोठा, संशयास्पद प्राणी ठरतो.

फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात हे पद्धतशीरपणे तपासले. काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळले, काहींना सातव्या आठवड्यापासून आणि काहींना मुळीच नाही. नंतर ही मांजरे माणसाजवळ किती लवकर येतात आणि मांडीवर किती वेळ थांबतात, हे मोजले. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्ले सर्वांत माणसाळलेली निघाली. सातव्या आठवड्यानंतर सुरुवात केलेल्यांना त्याचा फायदा पुष्कळच कमी झाला. रोज १५ मिनिटांऐवजी ४० मिनिटे हाताळलेली पिल्ले अधिक वेळ मांडीवर थांबत. त्याआधी १९६७मध्ये रोबर्टा कोलार्ड यांनी दाखवले होते, की एकाच माणसाने हाताळलेले पिल्लू त्या माणसाला अधिक लळा लावते, तर पाच जणांनी हाताळलेले पिल्लू परक्याला सर्वांत कमी घाबरते.

वाफसा येतो आणि जातो, तो का, हा मला सर्वांत मोहात पाडणारा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा धागाही मांजरांपासूनच सुरू होतो. डेव्हिड ह्युबेल आणि टोर्स्टन विझेल यांनी १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून काही काळ बंद ठेवली. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील जवळजवळ एकही पेशी त्या डोळ्याला दाद देत नव्हती. तिथली सगळी जागा उघड्या राहिलेल्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच किंवा त्याहून अधिक काळ बंद ठेवला, तर असे काहीच होत नसे. ही संवेदनक्षमता चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला एकदम येते, सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत टिकते आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस नाहीशी होते; तिच्या ऐन भरात तीन-चार दिवसांचा अंधारही पुरतो. आज हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, पण लहान मुलांच्या तिरळेपणावर आणि मोतीबिंदूवर लवकर उपचार का करायचे, याचा आधार त्यांतूनच मिळाला. १९८१च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता.

वाफसा कशामुळे येतो, हे पुढे उंदरांत उलगडले. मेंदूतील काही पेशी शेजारणींना उद्दीपित करतात, तर काही त्यांना आवरतात. आवरणाऱ्या पेशी 'गॅबा' नावाचे रसायन वापरतात आणि त्या उशिरा पक्व होतात. त्या पक्व होण्यापूर्वी सगळाच गोंगाट असतो आणि कोणता संदेश कामाचा, कोणता नाही, हे निवडता येत नाही. १९९८मध्ये ताकाओ हेन्श आणि सहकाऱ्यांनी गॅबा बनवणाऱ्या एका विकराचा अभाव असलेले उंदीर घेतले, तेव्हा त्यांच्यात हा काळ सुरूच झाला नाही. गॅबाचा परिणाम वाढवणारे डायझेपाम हे औषध दिल्यावर तो सुरू झाला. शांत करणारे औषध शिकण्याचे दार उघडते, हे मला अजूनही नवल वाटते.

वाफसा जाण्याची गोष्ट आणखी सुरस आहे. याच आवरणाऱ्या पेशींभोवती कालांतराने प्रथिने आणि शर्करांच्या साखळ्यांचे जाळे विणले जाते. ते ज्या कुळातील रेणूंचे असते, ते आपल्या सांध्यांच्या कूर्चेतही असतात. जाळे घट्ट झाले की जोडण्या सहजासहजी बदलत नाहीत. २००२मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूतील हे जाळे एका विकराने विरघळवले, तेव्हा डोळे झाकण्याचा परिणाम पुन्हा होऊ लागला. २००९मध्ये हेच जाळे अमिग्डाला या भीतीच्या केंद्रातही तपासले गेले. जाळे विणले जाण्यापूर्वी शिकलेली भीती पुसता येते; ते विणल्यावर ती दाबता येते, पण पुसली जात नाही. उंदराचे हे निष्कर्ष मांजराच्या माणसाळण्याला जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. तरीही सहाव्या-सातव्या आठवड्यापासून पिल्लू अनोळखी गोष्टीवर फिस्कारू लागते आणि त्याच सुमारास माणसाळवणे अवघड होते, याची संगती या निष्कर्षांनी लागते. 'सात दिवसांत कोणतेही रानटी मांजर मांडीवर घ्या' असे सांगणारे व्हिडिओ पाहताना हे जाळे आठवावे.

आता यातला पेच पाहा. पिल्लू घरी देण्याचे योग्य वय आठ आठवड्यांच्या पुढचे, शक्यतो बारा आठवड्यांचे. फिनलंडमधील ५,७२६ मांजरांच्या माहितीवरून २०१७मध्ये असे दिसले, की आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडलेल्या मांजरांत पुढे आक्रमकता अधिक आढळते. म्हणजे दत्तक घेणाऱ्याच्या हाती पिल्लू येते, तेव्हा वाफसा संपलेला असतो. पेरणी करायची ती तात्पुरते सांभाळणाऱ्यानेच. पहिले दोन आठवडे ऊब जपायची, कारण पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही आणि गार पडलेल्या पिल्लाला पाजलेले दूध पचत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र या गावातील शिक्षिकाबाई शेजारच्या आजोबांना, शाळेतल्या मुलांना, दाढीवाल्या ट्रॅक्टरचालकालाही पाळीपाळीने बोलावतात. हात धुऊन, दहा-दहा मिनिटे. मुलांना एक ताकीद असते: ओरखडा किंवा चावा झाला, तर लपवायचे नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायचे आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा.

एवढे करूनही एखादे पिल्लू बुजरे राहते. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५मध्ये दाखवले, की धीट बोक्याची पिल्ले नव्या वस्तूकडेही अधिक धीटपणे जातात. ती पिल्ले बापाला कधी भेटलेलीही नव्हती.

ऊसतोडीच्या पट्ट्यात एक गोष्ट मात्र आधी पाहावी लागते: पिल्लू नक्की मांजराचेच आहे का? जुन्नर भागात फडात वाघाटी या मांजरकुळातील छोट्या वन्यप्राण्याची पिल्लेही सापडतात. राखाडी-तपकिरी अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढऱ्या रेघा, आकार मुठीएवढा. वाघाटीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे आणि तिच्या पिल्लाला माणसाळवणे म्हणजे त्याचे जंगल हिरावून घेणे. त्याला घरी न नेता वनविभागाला कळवायचे. सापडल्या जागी सुरक्षित ठेवले, तर रात्री आई त्याला घेऊन जाण्याची शक्यता बरीच असते.

पाचटाखालच्या त्या तीन पिल्लांवर स्वयंसेवकांनी दोन महिने मेहनत घेतली. एक हातातून खाऊ लागले आणि मंचरला एका घरी गेले. उरलेल्या दोघांना घरात कोंडणे त्यांच्यावरच अन्याय ठरले असते, म्हणून वयात आल्यावर त्यांची नसबंदी करून, ओळखीसाठी कानाचे टोक छाटून, त्यांना एका कांदाचाळीत सोडले. तिथे उंदीर पुष्कळ आहेत आणि चाळीचा मालक रोज संध्याकाळी ताटली ठेवतो. ताटली वाजली की दोघे येतात आणि तो दहा पावले मागे सरेपर्यंत चाळीच्या बांबूंआड थांबतात.